चढती बोली, उतरती बोली

दुकानात वहीवर किंमत छापलेली असते. पैसे द्या, वही घ्या, विषय संपला. या साध्या विक्रीला इंग्रजीत 'सेल' हे क्रियापद पुरतं. पण समजा, शंभर वर्षांपूर्वीचं चित्र विकायचंय, किंवा आत्ताच बोटीतून उतरलेली ताजी सुरमई, किंवा धडाकेबाज फलंदाज. (हो, फलंदाजसुद्धा! आयपीएल आठवा.) यांची किंमत कुठे छापलेली असते? कुठेच नाही. विकणाऱ्यालाही ती ठाऊक नसते, ती घेणाऱ्यांच्या डोक्यात दडलेली असते. एकेकाच्या डोक्यातून ती बाहेर काढून मग विकायचं, यासाठी इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे: ऑक्शन. दिवाळखोर माणसाचं घर, टेबल, खुर्च्या, सगळं एकेक करून बोली लावून काढून टाकलं, तर त्याला 'ऑक्शन ऑफ' म्हणतात. शेवटच्या त्या 'ऑफ'मध्ये 'एकदाचं विकून मोकळं झालो' असा सूर असतो.

हा शब्द लॅटिनमधून आला. तिथे 'ऑगेरे' म्हणजे वाढवणे. एकानं शंभर म्हटलं, दुसऱ्यानं एकशेदहा, तिसऱ्यानं दीडशे, असा भाव वाढत जातो, म्हणून ऑक्शन. आपला 'लिलाव' मात्र वेगळ्याच वाटेनं आला. पोर्तुगीज लोक अशा विक्रीला 'लैलांव' म्हणायचे. त्यांच्या जहाजांबरोबर काजू आला, पाव आला आणि हा शब्दही आला. मराठीत त्याचा लिलाव झाला, हिंदीत नीलाम.

रोमन लोकांना लिलावाचं भारी वेड. लढाईत लूट मिळाली की सैनिक जमिनीत भाला रोवायचे आणि त्याच्यापाशी विक्री सुरू व्हायची. स्पॅनिश भाषेत आजही लिलावाला 'सुबास्ता' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ 'भाल्याखाली'. पण इ. स. 193 मध्ये रोममध्ये जो लिलाव झाला, तसा पुन्हा कुठे झाला नसेल. सम्राटाच्या अंगरक्षकांनीच सम्राटाला ठार मारलं आणि नंतर चक्क साम्राज्य लिलावात काढलं! गिऱ्हाइकं दोन. एक छावणीच्या आत, दुसरा तटाबाहेर. आतल्यानं प्रत्येक सैनिकाला 20,000 नाणी देण्यापर्यंत बोली नेली. बाहेरच्यानं, त्याचं नाव डिडियस ज्युलियानस, पाचशे-हजारानं न वाढवता एकदम 5,000 ची उडी मारली. ओरडून तर सांगितलंच, वर बोटांनी आकडा दाखवला. साम्राज्य त्याला मिळालं. आणि 66 दिवसांनी त्यालाही मारून टाकलं. इतकी महाग आणि इतकी कमी टिकलेली खरेदी शोधून सापडायची नाही.

आता एक अडचण बघा. भाव वाढत वाढत चालला, पण थांबायचं कधी? आपल्याकडे लिलाव पुकारणारा म्हणतो, "सरकारी एक… सरकारी दोन… सरकारी तीन!" तीन म्हटलं की संपलं. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये याहून गमतीची रीत होती. इंचभर मेणबत्ती पेटवायची. ती जळत असेपर्यंत बोली लावायची. विझण्याच्या क्षणी ज्याची बोली शेवटची, त्याचा माल.

मग काय व्हायचं? सुरुवातीला सगळे गप्प. उगाच आधी बोलून भाव कशाला वाढवा? सगळ्यांची नजर ज्योतीवर. ती लुकलुकायला लागली की एकच गिल्ला! तेव्हा आरमाराच्या कचेरीत सॅम्युअल पीप्स नावाचे गृहस्थ काम करायचे. त्यांची रोजनिशी पुढे जगप्रसिद्ध झाली. 1662 मध्ये जुन्या जहाजांच्या अशाच एका लिलावाला ते हजर होते. एक माणूस दरवेळी अचूक शेवटच्या क्षणी बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला गुपित विचारलं. तो ज्योतीकडे नाही, धुराकडे बघत होता! ज्योत विझायच्या बेतात आली की धूर खाली झुकतो, एवढं त्यानं टिपून ठेवलं होतं. ज्योत तेजीत असते तेव्हा तिच्यामुळे तापलेली हवा झोतानं वर जाते आणि धुरालाही ओढून नेते. ज्योत मरायला लागली की हा झोत दुबळा होतो. दिवाळीतली उरलेली मेणबत्ती, बंद खिडक्या आणि शेजारी एखादं मोठं माणूस, एवढं जमलं तर तुम्हीही बघा. धूर दिसायला मागे काळा कागद धरा. इतर बोलीवाले पैसे मोजत बसले होते, या पठ्ठ्यानं निरीक्षण केलं. मला तर तो त्या खोलीतला एकमेव शास्त्रज्ञ वाटतो.

आता हॉलंडला जाऊ. तिथे सगळंच उलटं.

1887 मध्ये ब्रूक ऑप लांगेडाइक या गावात भाज्यांचे लिलाव सुरू झाले. तो भाग इतका पाणथळ की शेतकरी फ्लॉवर, कोबी, बटाटे घेऊन होडीतूनच यायचे. पुढे लिलावाची जी इमारत बांधली, तिच्यात पाण्याचा कालवाच आत घेतला. एका बाजूनं होडी आत, खरेदीदारांसमोर माल विकायचा, दुसऱ्या बाजूनं होडी बाहेर. ती इमारत आता संग्रहालय आहे. तिथल्या उलट्या पद्धतीनंच पुढे आल्समेरचा फुलांचा लिलाव नावारूपाला आला. अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या या लिलावघराची इमारत जगातल्या सर्वात मोठ्या इमारतींमध्ये मोजतात, क्षेत्रफळ पाच लाख चौरस मीटरांच्या वर.

इथे कुणी ओरडत नाही. भिंतीवर मोठ्या घड्याळासारखी तबकडी. तिच्यावर तास-मिनिटं नाहीत, भाव असतो. ट्यूलिपची पाळी आली की काटा मुद्दाम चढ्या भावावर ठेवतात आणि तो खाली घसरू लागतो. खरेदीदार बाकांवर बसलेले, बोट बटणावर. जो सर्वात आधी बटण दाबेल, त्याच्यामुळे काटा थांबतो. फुलं त्याची, त्याच भावाला. हल्ली हे बटण बरेच जण आपापल्या कचेरीत बसून संगणकावर दाबतात. शब्दाचा अर्थ 'वाढवणे' आणि भाव मात्र उतरतोय! तरीही इंग्रजीत याला 'डच ऑक्शन'च म्हणतात. शब्द एकदा गावभर फिरायला लागला की आईबापांचं ऐकत नाही.

उलटा खेळ कशासाठी? वेळ वाचवण्यासाठी. गुलाबाला वेळ नसतो. चढत्या लिलावात वीस-पंचवीस बोल्या लागतात, एकमेकांकडे बघणं, घुटमळणं, पुन्हा एक बोली. उतरत्या लिलावात फक्त एकच बोली, तीच पहिली, तीच शेवटची. काही सेकंदांत एक सौदा. पण त्या सेकंदांत पोटात काय गोळा येत असेल! आत्ता दाबलं तर महाग पडेल. अजून थोडं थांबलो आणि शेजाऱ्यानं दाबलं तर फुलंच जातील. चढत्या लिलावात दुसऱ्याचं ऐकून आपलं मत बनवता येतं. इथे दुसरा बोलला की तुमचा खेळ संपलेला असतो.

आपल्याकडे चढती बोली बघायची तर नाशिक जिल्ह्यातलं लासलगाव गाठा. कांद्यासाठी देशभर नावाजलेली बाजार समिती. कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसरीकडे सरकत जातो. कांदा हातात घ्यायचा, दाबून बघायचा, क्विंटलचा भाव पुकारायचा. मुंबईत ससून डॉकला पहाटे कोळणी मासळीची बोली लावतात, तिथेही असाच कलकलाट.

याच्या अगदी उलट प्रकार आंब्याच्या बाजारात चालत आलाय. दोघं हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात. आजूबाजूला शंभर माणसं असली तरी आकडा दोघांनाच कळतो. बघायला जादूच्या प्रयोगासारखं वाटतं, पण मला ते पटत नाही. दुसऱ्याचा आकडा ऐकूच आला नाही, तर आपला वाढवायचा कसा? आणि ज्याचा आंबा आहे, त्या बागायतदारानं काय समजायचं? म्हणून तर 'उघड लिलाव' या दोन शब्दांवर शेतकरी इतका जोर देतात.

आता जरा डोकं चालवू. चढत्या लिलावात भाव नक्की कोण ठरवतं? जिंकणारा? नाही! 2024 च्या आयपीएल लिलावात मुंबईकर श्रेयस अय्यरची बोली 2 कोटींपासून सुरू झाली आणि पंजाबनं त्याला 26 कोटी 75 लाखांना घेतलं. पंजाबच्या मनात जास्तीत जास्त किती होते? 27 कोटी? 30? कुणालाच कळलं नाही. समोरचा संघ जिथे गप्प बसला, तिथून एक पायरी वर बोली थांबली. म्हणजे भाव ठरला तो हरणाऱ्यामुळे.

हे विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी नीट मांडलं. (त्यांचं आडनाव खरंच विक्री! मराठी माणसाला हसू येणारच.) 1961 मध्ये त्यांनी एका पद्धतीचं गणित सोडवून दाखवलं. सगळ्यांनी आपापला आकडा बंद पाकिटात द्यायचा. सर्वात मोठा आकडा ज्याचा, वस्तू त्याची. पण पैसे द्यायचे दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याइतके.

विचित्र वाटतंय? थांबा. एक बॅट आहे. रेहानला ती 500 रुपयांची वाटते, मुक्ताला 450 ची, सईला 300 ची. तिघांनी खरे आकडे लिहिले, तर बॅट रेहानला मिळेल, 450 ला. आता रेहाननं लबाडी केली, 'कमी लिहितो, स्वस्तात पडेल' म्हणून 400 लिहिले. बॅट गेली मुक्ताकडे! आणि 400 च्या ऐवजी 480 लिहिले असते, तर? तरीही 450 च द्यावे लागले असते, फायदा शून्य. बरं, फुशारकीनं 700 लिहिले आणि चौथ्या कुणीतरी 600 लिहिलेले असले, तर 500 च्या बॅटला 600 मोजावे लागतील. कसंही फिरवून बघा, मनातला खरा आकडा लिहिण्याहून चांगली युक्ती सापडत नाही. कुणाला दम न देता, शपथ न घालता माणसांना खरं बोलायला लावणारा नियम! विक्रींना 1996 मध्ये नोबेल जाहीर झालं आणि अवघ्या तीन दिवसांनी ते वारले.

2020 चं अर्थशास्त्राचं नोबेलही लिलावाच्या अभ्यासालाच मिळालं, रॉबर्ट विल्सन आणि पॉल मिलग्रॉम या गुरुशिष्यांना. दोघं तेव्हा अमेरिकेत समोरासमोर राहायचे. मध्यरात्री फोन उचलायला मिलग्रॉम जागे नव्हते, म्हणून विल्सन आजोबा रस्ता ओलांडून गेले आणि 'अरे, तुला नोबेल मिळालंय' हे सांगायला दार वाजवत बसले.

विल्सन यांनी ज्या कोड्यावर काम केलं, ते तुम्ही वर्गात करून बघू शकता. बरणीत रुपया-दोन रुपयांची नाणी भरा. किती आहेत ते फक्त तुम्हाला ठाऊक. बरणी सगळ्यांना लांबून दाखवा, उघडू देऊ नका. प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन आकडे लिहायचे: आत किती रुपये असतील याचा अंदाज, आणि बरणीसाठी आपण किती देऊ ती बोली. पैसे खरे घ्यायचे नाहीत हं, बाईंचा ओरडा बसेल.

बॉस्टनच्या विद्यापीठात दोन प्राध्यापकांनी हा प्रयोग केला आणि 1983 मध्ये छापला. प्रत्येक बरणीतल्या वस्तू 8 डॉलरच्या. विद्यार्थ्यांच्या अंदाजाची सरासरी 5 डॉलर 13 सेंट, म्हणजे खऱ्यापेक्षा कमीच. तरी जिंकणाऱ्या बोल्यांची सरासरी निघाली 10 डॉलर 1 सेंट. जिंकलेला सरासरी दोन डॉलरनं बुडाला! कारण वर्गात काहींचा अंदाज कमी पडतो, काहींचा जास्त. लिलाव जिंकतो तो बहुतेक वेळा जास्तीच्या बाजूनं सगळ्यात जास्त चुकलेला. समुद्राखाली किती तेल आहे हे न दिसताच बोली लावणाऱ्या एका तेल कंपनीच्या इंजिनिअरांनी 1971 मध्ये हेच दाखवून दिलं होतं. याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात.

प्रयोग करताना चिठ्ठ्या फेकू नका. आधी दहाच मुलांच्या चिठ्ठ्या उघडा आणि जिंकणारी बोली लिहून ठेवा. मग सगळ्या वर्गाच्या उघडा. मुलं वाढली की जिंकणारा जास्त बुडतो की कमी? आधी पैज लावा, मग मोजा.