दोन टनांचा ट्रक, कागदाच्या चकत्या

रिव्हर्स गेलेली गाडी ओळखायची असेल, तर ती उभी कशी केली आहे ते बघावं. मालक ती जमेल तिथे उतारावर लावतो किंवा तोंड रस्त्याकडे ठेवून लावतो, म्हणजे निघताना मागे घ्यायची वेळच येत नाही. अमेरिकेत जुन्या शेवरोले पिकअपचे असे मालक पुष्कळ (पिकअपलाच तिकडे ट्रक म्हणतात). पहिल्या गिअरात गाडी उचलते, तिसऱ्यातही पळते. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स मात्र एकाच दिवशी गायब. वर्कशॉपवाला गिअरबॉक्स नव्याने बांधून द्यायचे दोन-तीन हजार डॉलर सांगतो, आणि कित्येकदा अख्ख्या ट्रकचेही तेवढे येत नाहीत. मग एका शनिवारी घरच्या गॅरेजचं शटर वर जातं, ट्रक स्टँडवर चढतो आणि सुमारे सत्तर किलोचं ॲल्युमिनियमचं धूड जॅकवरून हळूहळू खाली उतरतं.

हे धूड म्हणजे जनरल मोटर्सचा ४एल६०ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्याचा बाप ७००आर४ हा १९८२च्या मॉडेलांत आला, आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्याला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मिळालं. तो इतक्या गाड्यांत बसला की त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात. घरी खोलायला लोक तोच निवडतात याचं खरं कारण हे. सोपा आहे म्हणून नव्हे.

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ म्हणून २०१४च्या सेलेरिओपासून जो एएमटी रुळला, तो वेगळा. त्यात गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र असतं. अमेरिकी ऑटोमॅटिकच्या पोटात मात्र ग्रहमालाच असते. मधोमध सूर्य गिअर, त्याभोवती पिंजऱ्यात बसवलेले ग्रह गिअर, आणि सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कडं. समजा, सूर्याला ३० दाते आहेत आणि कड्याला ७०. कडं घट्ट धरून सूर्य फिरवला, तर पिंजरा एकदा फिरायला सूर्याला ३.३३ फेरे घ्यावे लागतात. सूर्य धरून कडं फिरवलं, तर १.४३. पिंजरा धरला की कडं चक्क उलटं फिरतं, म्हणजे रिव्हर्स. आणि कोणतेही दोन भाग एकमेकांना बांधले, तर सगळी मंडळी एकजीव होऊन फिरतात. या सगळ्यात एकही दाता दुसऱ्यापासून सुटत नाही. कोणाला धरलं आणि कोणाला सोडलं, एवढंच बदलतं.

फोर्डच्या १९०८च्या मॉडेल टीमध्येही ग्रह गिअरच होते, फक्त त्यांना धरणारे पट्टे पायाने आवळावे लागत. पट्ट्यांचं सुती अस्तर झिजलं की मालक ते घरच्या घरी बदलत. घरी गिअरबॉक्स उघडण्याला आज वेडेपणा म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

४एल६०ईमध्ये अशा दोन ग्रहमाला आहेत, आणि त्यांना धरायला काही क्लच व एक रुंद पट्टा. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरसाठी पट्टा आवळतो, तिसऱ्या-चौथ्यासाठी एक सामायिक क्लच लागतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधीच अर्धं निदान होतं. तिसरा आणि चौथा गेला, बाकी ठीक? तो सामायिक क्लच जळला. दुसरा आणि चौथा गेला, पण रिव्हर्स आहे? पट्टा, किंवा पट्टा ओढणारा पिस्टन. आणि आपल्या उतारावरच्या ट्रकसारखे दुसरा, चौथा, रिव्हर्स असे तिघे गेले, तर या तिन्हीत ज्याच्यावाचून चालत नाही असा एकच भाग उरतो : सूर्य गिअरला धरून ठेवणारी पोलादी वाटी. दुसरा नि चौथा पडताना पट्टा तिला फिरताफिरता थांबवतो. हे हजारो वेळा झालं की एके दिवशी तिची मान तडकते. ही वाटी शंभर डॉलरच्या आत मिळते. मोजावं लागतं ते तिच्यापर्यंत पोहोचण्याचं मोल.

आता क्लच. प्रत्येक क्लच म्हणजे पोलादाच्या आणि घर्षणाच्या चकत्यांची आलटून पालटून रचलेली चळत. घर्षणाची चकती मुळात कागदी : सेल्युलोजच्या तंतूंचा, राळेत मुरवलेला सच्छिद्र कागद पातळ पत्र्यावर चिकटवलेला. दोन टनांचा ट्रक या कागदावर चालतो, आणि कागद टिकतो तो तेलात बुडालेला असतो म्हणून. नवी चकती कोरडी बसवली तर पहिल्याच झटक्यात करपते, त्यामुळे बसवण्याआधी ती तेलात भिजत घालतात. तेल बुळबुळीत हवं आणि पकड घेणारंही हवं, अशी ही विचित्र मागणी आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती भागवायला या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. व्हेलच्या तेलावर अमेरिकेत बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना घाईघाईने पर्याय शोधावे लागले.

तेल चकत्या भिजवतं, थंड करतं, दाबतं, आणि विचारही करतं. ७००आर४मध्ये कॉम्प्युटर नव्हता. गाडीच्या वेगाबरोबर फिरणारा गव्हर्नर वेगाचा दाब बनवायचा, ॲक्सिलरेटरला जोडलेली केबल पायाच्या जोराचा दाब बनवायची, आणि दोघांच्या मधला व्हॉल्व्ह ज्याचा जोर जास्त त्याच्या बाजूने सरकायचा. व्हॉल्व्ह सरकला की गिअर बदलला. ती केबल ढिली राहिली तर पाय दाबूनही दाब चढत नाही, आणि कोरा क्लच काही किलोमीटरांतच जळतो. पुढे ४एल६०ईमध्ये हे काम दोन विद्युत-झडपांकडे आलं. पहिल्या गिअरात दोन्ही चालू, दुसऱ्यात फक्त दुसरी, तिसऱ्यात दोन्ही बंद, चौथ्यात फक्त पहिली. दोन झडपा, चार गिअर, आणि प्रत्येक पायरीला एकच झडप बदलते. वायर तुटून वीज गेली तर दोन्ही बंद, म्हणजे गाडी तिसऱ्यात. रखडत का होईना, घरी पोचते. ही मांडणी ज्याने केली त्याला माझा मनापासून नमस्कार.

म्हणूनच जळलेल्या चकत्या बदलल्या की काम झालं, असं समजणारा दोन महिन्यांनी पुन्हा जमिनीवर आडवा होतो. चकत्या जळतात त्या दाब कमी पडतो म्हणून, आणि दाब गळतो तो बहुधा दुसरीकडे. नव्वदीच्या उत्तरार्धातल्या ट्रकांत टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाचा पीळ तेलातून पुढे देणाऱ्या भागाचा, क्लच सांभाळणारा एक व्हॉल्व्ह सारखा थरथरत राहतो आणि आपलंच ॲल्युमिनियमचं भोक घासून मोठं करतो. तिथून तेल निसटतं. नवं किट घालून हे भोक बुजत नाही.

काटकसर कुठे करावी? अवजारांत. क्लचच्या स्प्रिंगा दाबायला महागडा प्रेस लागत नाही. आटे पाडलेला दांडा, दोन पट्ट्या आणि नट पुरतात. रबरी सीलची नाजूक कड आत सरकवायला शीतपेयाच्या बाटलीची कापलेली पट्टी चालते. टेफ्लॉनच्या रिंगा ताणून बसवल्यावर फुगलेल्या राहतात. त्या होज क्लिपने आवळून ठेवल्या की मापावर येतात. तेलवाटांचा चक्रव्यूह असलेली व्हॉल्व्ह बॉडी उलटी करताना तिच्यातल्या सहा-साडेसहा मिलिमीटरच्या पोलादी गोळ्या घरंगळू नयेत म्हणून त्या व्हॅसलिनने चिकटवतात. व्हॅसलिनच, ग्रीस नाही. व्हॅसलिन गरम तेलात विरघळून जातं. ग्रीस गुठळ्या होऊन वाटा तुंबवतं. पुसायला घरातली चिंधी नको, तिचे धागे सुटतात.

काटकसर करू नये ती टॉर्क कन्व्हर्टरवर. जर्मनीच्या हर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांच्या टर्बाइनसाठी पेटंट घेतलेल्या कल्पनेचा हा वारस. पंख्यांच्या दोन चाकांमध्ये तेल ढवळलं जातं, मधलं तिसरं चाक त्याची दिशा वळवतं, आणि गाडी हलायच्या क्षणी इंजिनाचा पीळ जवळपास दुप्पट होतो. पण कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद असतो. जुन्या क्लचचा चुरा त्यात साचला असेल तर तो धुऊन निघत नाही. जुनाच परत बसवला तर पहिल्या तासाभरात तो चुरा नव्या चकत्यांवर येतो. तेल थंड करणाऱ्या कूलरचंही तसंच.

सगळं रचून झालं की खरी परीक्षा हवेची. प्रत्येक क्लचच्या तेलाच्या भोकात बेताच्या दाबाने कॉम्प्रेसरची हवा सोडायची. आतून ठोस ‘ठप्प’ ऐकू आलं, तर पिस्टनने चकत्या दाबल्या, सील शाबूत आहे. ‘फुस्स’ आलं तर कुठेतरी सीलची कड दुमडली आहे, आणि अख्खी चळत पुन्हा बाहेर. वैतागवाणं आहे खरं; पण आत्ता गिअरबॉक्स टेबलावर आहे, एक सर्कलिप काढायचा अवकाश. तोच ‘फुस्स’ ट्रकखाली बसवल्यावर निघाला, तर सत्तर किलो पुन्हा उतरवायचे.