मुका सोबती

धनी शेतावर निघाला, की त्याचा कुत्रा मागोमाग निघतो. रात्री अंगणात खुट्ट झाले, की तो भुंकतो. कुत्रा राखण करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण दुखावलेल्या लेकराला बरे करायलाही कुत्रा मदत करतो, असे कोणी सांगितले तर? "काहीतरीच काय सांगता!" असेच आपण म्हणू. आम्हीही आधी तसेच म्हणालो. मग आम्ही नीट माहिती काढली. तीच इथे सांगतो.

आधी दुखणे समजून घेऊ.

काही घरांत पोरांना फार मार बसतो. कुठे बाप दारू पिऊन येतो आणि पट्ट्याने मारतो. कुठे पोराला उपाशी कोंडतात. कुठे ओळखीचाच माणूस पोराच्या किंवा पोरीच्या अंगाशी वाईट चाळे करतो. अंगावरचे वळ काही दिवसांत जातात. मनावरचे वळ राहतात. अशी मुले रात्री दचकून उठतात. कोणी सहज हात वर केला, तरी डोके झाकतात. वयात आलेली मुले अंगावर धावून येतात, नाहीतर घुमी होऊन बसतात. आपण म्हणतो, पोर हट्टी आहे. खरे पाहता ते भ्यालेले असते. मारणारा दूर गेला, तरी त्याची छाती धडधडतच राहते.

यावर इलाज आहे. मनाचे जाणकार अशा मुलांना हळूहळू बोलते करतात. झालेली गोष्ट विश्वासाच्या माणसाजवळ बोलता आली, की भीतीचा जोर कमी होतो. पण घोडे इथेच अडते. ज्याला माणसांनीच मारले, ते लेकरू माणसाजवळ तोंड उघडणार कसे?

याची एक वाट अमेरिकेत सापडली, आणि तीही अचानक.

न्यूयॉर्क शहरात डॉक्टर बोरिस लेव्हिन्सन नावाचे गृहस्थ होते. ते मुलांच्या मनाचे दुखणे पाहत. त्यांच्याकडे एक मुलगा यायचा होता. तो कोणात मिसळत नसे. एके दिवशी आई त्याला घेऊन ठरल्या वेळेच्या आधीच आली. डॉक्टरांचा कुत्रा जिंगल्स तिथेच होता. तो धावत मुलाकडे गेला आणि त्याला चाटू लागला. मुलगा भ्याला नाही. उलट त्याला कुरवाळू लागला. जाताना त्याने विचारले, पुन्हा याच्याशी खेळायला येऊ का? मग तो येत राहिला. आधी तो कुत्र्याशीच खेळे. हळूहळू त्याने डॉक्टरांनाही खेळात घेतले.

१९६१ साली डॉक्टरांनी ही गोष्ट मोठ्या सभेत सांगितली. काही विद्वान हसले. कुत्र्याला फीमधला किती वाटा देता, अशी थट्टाही झाली. पण डॉक्टर मागे हटले नाहीत. १९६२ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि १९६९ साली पुस्तक काढले. आज पुष्कळ देशांत हे काम चालते. आपल्याकडे मुंबई-पुण्यातही शिकवून तयार केलेली कुत्री मुलांकडे नेतात.

कुत्रा करतो तरी काय? तो विचारत नाही, रागवत नाही, कोणाला सांगत नाही. मूल हळूच त्याच्या पाठीवर हात फिरवते. ऊबदार अंग हाताला लागते. श्वास संथ होतो. मग जाणकार बाई विचारतात, "हा मोठ्या आवाजाला का बरे भितो?" मूल कुत्र्याची भीती सांगते. सांगता सांगता स्वतःची सांगू लागते. मोठी मुले समोरासमोर बसून बोलत नाहीत. कुत्र्याला फिरवताना मात्र त्यांना बोलणे सोपे जाते.

अमेरिकेत याची पारखही झाली. ज्यांच्यावर वाईट प्रसंग आला होता, अशी १५३ मुले पाहिली. ती ७ ते १७ वर्षांची होती. काहींच्या इलाजात कुत्रा होता, काहींच्या नव्हता. २०१२ साली निकाल छापून आला. कुत्रा असलेल्या मुलांची भीती, राग आणि उदासी जास्त कमी झाली. जिथे कुत्र्याच्या गोष्टीही सांगितल्या, तिथे आणखी गुण आला.

कोर्टातही कुत्र्याची सोबत होते. २००३ साली सिॲटल शहरात जीटर नावाचा कुत्रा साक्ष देणाऱ्या मुलांजवळ ठेवला. भ्यालेल्या मुलांना त्याचा धीर आला.

पण हे ऐकून गल्लीतला कुत्रा पोरापुढे आणू नका. इलाजाचा कुत्रा शांत स्वभावाचा निवडतात. त्याला लस टोचतात, धुतात, शिकवतात. त्याला सांभाळणारा माणूस जवळ असतो. कुत्रा दमला, की काम थांबवतात. जे मूल कुत्र्याला भिते, त्याला जबरदस्ती करत नाहीत. आणि कुत्रा एकटा कोणाला बरे करत नाही. तो दार उघडतो. आत जायला जाणते माणूसच लागते.

आपल्या गावात असा कुत्रा नसेल. पण त्याचे गुण आपल्याला घेता येतील. भ्यालेले लेकरू दिसले, तर प्रश्नांचा भडिमार करू नका. जवळ बसा. ते बोलले, तर मध्ये तोडू नका. "खोटे बोलतोस" असे म्हणू नका. "तुझी चूक नाही" एवढे सांगा. आणि त्याने सांगितलेले गावभर करू नका.

मात्र गप्पही बसू नका. मारणारा घरचा असला, तरी पोराला वाचवले पाहिजे. १०९८ या नंबरावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. तो रात्रंदिवस चालू असतो. तिथली माणसे पोराच्या मदतीला येतात.

मारल्याशिवाय पोर सुधारत नाही, असे आपण ऐकत आलो. मुके जनावर न मारता पोराचा विश्वास मिळवते. मग आपल्याला तर बोलता येते.