शेवटचा फवारा का फिरत नाही?

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. समजा, तेथे नदीकाठच्या एका घरासमोर हिरवळ आहे. गच्चीवरच्या टाकीतून नळी आणून तिच्यावर चार फिरते फवारे बसवले आहेत. पहिला कसाबसा फिरतो, शेवटचा नुसता गळतो. टाकी तर काठोकाठ भरलेली! मग चुकले कोठे?

टाकीत पाणी किती आहे यावर दाब ठरत नाही. पाण्याची पातळी किती उंच आहे यावर तो ठरतो. १० मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. टाकी ५ मीटरवर असेल, तर तो अर्धाच. शेतातल्या नेहमीच्या फिरत्या फवाऱ्याला साधारण २ ते ३ किलोग्रॅम दाब लागतो. म्हणजे टाकी दुप्पट मोठी केली तरी उपयोग नाही. पंप हवा, किंवा कमी दाबावर चालणारे फवारे हवेत.

समजा, पंप बसवला, तरीही शेवटचा फवारा मंदच. आता पहिले तीन बंद करा. शेवटचा जोरात फिरू लागला, तर दोष त्याचा नाही; चौघांना पुरेल इतके पाणी नळीतून येत नाही. मोजून पाहा. नळीच्या मोकळ्या टोकाखाली १० लिटरची बादली धरा. ती २० सेकंदांत भरली, तर मिनिटाला ३० लिटर पाणी मिळते. एका फवाऱ्याला १० लिटर लागत असेल, तर एका वेळी फार तर तीन चालतील. म्हणून दोन-दोन आळीपाळीने चालवा.

एकटा असतानाही तो मंदच राहिला, तर नळी किंवा छिद्र तुंबले असेल. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ असते. त्यातला गाळ नळीत साचतो. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यायचे, तर घर्षणात वाया जाणारा दाब सुमारे ३२ पट होतो! म्हणून टोकाचे बूच काढून नळी धुवा आणि पंपाजवळ गाळणी बसवा. छिद्रात तार मात्र खुपसू नका. छिद्र मोठे झाले की पाणी जास्त जाते आणि बाकीच्यांचा दाब उतरतो.

मोठा पंप विकत घेण्याआधी बादली आणि घड्याळ घ्या. दाब कमी आहे की प्रवाह, हे कळले की निम्मे काम झाले. शाळेच्या बागेत हा प्रयोग जरूर करून पाहा.