जुन्या सायकली जास्त टिकतात, असं लिहिण्याआधी मेलेल्या सायकली मोजा

धानोऱ्यात रस्त्याकडेला तासभर उभे राहा आणि फक्त सायकली बघा. शाळेच्या मुलींच्या लेडीज सायकली दिसतील. काळ्या, दांडीच्या, २२-२४ इंची सायकली दिसतील, कॅरिअरला पोतं बांधलेल्या. आणि मधूनच एखादी रेंजर दिसेल. सरळ हँडल, जाड टायर, २६ इंची चाक असलेली कुठल्याही कंपनीची माउंटन बाइक आपल्याकडे ‘रेंजर’च असते. रंग उडालेला, गिअर कधीच काढून टाकलेले, पण सायकल सुरू. शेजारी कुणी असेल तर तो हमखास म्हणेल, “जुना माल दणकट होता भाऊ. आताचं सगळं पत्र्याचं.”

मलाही तसंच वाटायचं, कारण मी स्वतः अशीच एक जुनी रेंजर चालवतो. जंगलपट्ट्यातल्या गावांमधला रोजचा प्रवास हा माझा पीएचडीचा विषय. त्याच्या आराखड्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘या भागात जुन्या माउंटन बाइक नव्यांपेक्षा जास्त टिकाऊ असल्याचे दिसून येते.’ माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ‘दिसून येते’भोवती लाल गोल काढला आणि विचारलं, “ज्या टिकल्या नाहीत, त्या तुला कुठं दिसल्या?”

उत्तर नव्हतं. आराखडा परत आला. आजचा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे, कारण तुमचा विषय शाळा असो, शेती असो की जुनी पुस्तकं, हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी येणारच.

रस्त्यावर दिसतं ते सगळं नसतं

आकडे घेऊन बघू. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, खरे नाहीत.

समजा एका पट्ट्यात २५ वर्षांपूर्वी १०० रेंजर विकल्या गेल्या आणि ५ वर्षांपूर्वी आणखी १००. आज तुम्ही रस्त्यावर मोजणी केली. जुन्यांपैकी ८ सापडल्या आणि आठही ठणठणीत. नव्यांपैकी ६० सापडल्या. त्यातल्या ४० ठीक, २० खडखडणाऱ्या. तुमच्या वहीत काय येईल? जुन्या सायकली १०० टक्के चांगल्या, नव्या ६७ टक्केच. निष्कर्ष तयार!

पण जुन्यांपैकी ९२ गेल्या कुठं? त्या भंगारात गेल्या, कोठ्यात पडल्या, सुट्या भागांसाठी मोडल्या गेल्या. २५ वर्षं तगलेली सायकल तगडी असणारच, कारण कमजोर सायकली वाटेतच गळाल्या. नव्यांमधल्या कमजोर सायकली अजून गळायच्या आहेत, म्हणून त्या रस्त्यावर दिसतात. तुम्ही गाळणीतून गेलेल्या दाण्यांची तुलना न गाळलेल्या दाण्यांशी करताय.

योग्य प्रश्न वेगळा आहे: विकत घेतल्यापासून ५ वर्षांनी जुन्या १०० मधल्या किती चालू होत्या, आणि नव्या १०० मधल्या किती आहेत? म्हणजे समान वयाला तुलना. जुन्यांच्या बाबतीत ५ व्या वर्षाचा आकडा ८० असेल किंवा ५०. रस्त्यावरची आजची मोजणी याबद्दल काहीच सांगत नाही. या चुकीला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात. आपण साध्या भाषेत ‘तगलेल्यांमुळे होणारी दिशाभूल’ म्हणू.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात अब्राहम वाल्ड काम करत होते. लढाईतून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठं आहेत, ही माहिती हाताशी होती. सहज वाटेल की जिथं जास्त खुणा तिथं जास्त जाड पत्रा बसवावा. वाल्ड यांचा विचार उलटा होता. ही विमानं तिथं गोळी लागूनही परत आली आहेत. जिथं खुणा कमी दिसतात, तिथं गोळी लागलेली विमानं परतच आलेली नाहीत. हेच वाल्ड पुढं १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले आणि निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात गेले.

मोडलेल्या सायकलींमधून घडलेली सायकल

माउंटन बाइकचा स्वतःचा इतिहासही हेच शिकवतो. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण महायुद्धापूर्वीच्या जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट यायचे. १९७६ पासून त्यांनी शर्यतीच भरवल्या. त्या उताराचं नाव पडलं ‘रिपॅक’, कारण पायडल उलटं फिरवून लागणारा ब्रेक एका उतारातच इतका तापायचा की त्यातलं ग्रीस जळून जायचं आणि हब पुन्हा ग्रीस भरून बांधावा लागायचा.

जुन्या फ्रेम या माराखाली वाकायच्या, मोडायच्या. ‘जुनं ते दणकट’ म्हणून ते तिथंच थांबले असते तर जुन्या फ्रेम शोधत बसले असते. काय मोडतं हे बघून जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर आली आणि माउंटन बाइक कारखान्यात मोठ्या संख्येनं बनू लागली. मोडतोड हीच इथं कामाची माहिती ठरली.

‘जुनी’ म्हणजे नक्की काय जुनं?

मॅडमचा दुसरा प्रश्न: “तुझ्या सायकलीत मूळचं काय काय उरलंय?”

मी यादी केली. फ्रेम मूळची, हँडल मूळचं. पुढचे शॉकअप गंजून अडकले म्हणून त्या जागी साधा चिमटा. मागचा रिम दुसरा. टायर, ट्यूब, चेन, ब्रेक रबर, सीट सगळं अनेकदा बदललेलं. गिअर चिखलात अडकायला लागले तेव्हा मिस्त्रीनं काढून एकच फ्रीव्हील बसवलं. मग मी जे ‘टिकलं’ म्हणतोय ते काय आहे? सायकल, की दुरुस्ती?

संशोधनात शब्दाला मोजता येईल असा अर्थ आधीच ठरवावा लागतो. माझी आताची व्याख्या अशी: फ्रेम तीच असेपर्यंत सायकल तीच. सलग सहा महिने चालवली नाही आणि दुरुस्तीलाही टाकलेली नाही, तर ती ‘बंद’. ही व्याख्या परिपूर्ण नाही. वर्षभर भिंतीला टेकलेली सायकल मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायच्या दिवसांत हवा भरून पुन्हा बाहेर निघाली तर तिला काय म्हणायचं? मी ‘पुन्हा सुरू’ असा तिसरा रकाना केला. व्याख्या कुठं तुटते हे शेतावर, रस्त्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

एकदा हे वेगळं केलं की खरी कारणंही वेगळी दिसू लागतात. त्या काळच्या बहुतेक रेंजर लोखंडी, म्हणजे पोलादी नळ्यांच्या. तडा गेला तर साध्या वेल्डिंगच्या दुकानात सांधता येतो. अॅल्युमिनियमला वेगळं वेल्डिंग लागतं आणि सांधल्यावर त्या जागेची ताकद कमी होते. जुन्या हबमध्ये सुटे छर्रे, कोन आणि कटोरी. उघडा, पुसा, ग्रीस भरा, छर्रे बदला. २६ इंची टायर छोट्या गावातही मिळतं. महागड्या नव्या सायकलींची २७.५ किंवा २९ इंची टायरं मिळतीलच असं नाही.

बघा, यातला एकही मुद्दा ‘जुना माल चांगला होता’ असा नाही. ‘गावात दुरुस्त होतो’ असा आहे. आज बनलेली साधी पोलादी, २६ इंची सायकल या कसोटीला तितकीच उतरेल. म्हणजे वय हे कारण नसून दुरुस्तीची सोय हे कारण असू शकतं. ‘असू शकतं’ म्हणतोय, कारण तपासायचं अजून बाकी आहे.

चालू सायकलीचं आयुष्य कसं मोजायचं?

आता एक तांत्रिक अडचण. बंद पडलेल्या सायकलीचं आयुष्य कळतं. चालू सायकलीचं? ती आणखी किती चालेल, कुणास ठाऊक. आपल्याला एवढंच माहीत असतं की ती ‘किमान इतकी वर्षं’ चालली. अशा अपुऱ्या नोंदीला ‘राइट सेन्सॉरिंग’ म्हणतात.

पाच काल्पनिक सायकली घ्या. अ दुसऱ्या वर्षी बंद. ब तीन वर्षांपूर्वी घेतलेली, अजून चालू. क सहाव्या वर्षी बंद. ड नवव्या वर्षी बंद. ई बारा वर्षांची, अजून चालू.

फक्त बंद पडलेल्यांची सरासरी काढली तर २, ६ आणि ९, म्हणजे सुमारे ५.७ वर्षं. यात सगळ्यांत जास्त चाललेली ई बाहेरच राहिली. चालू सायकली आजच बंद पडल्या असं धरलं तर सरासरी ६.४, तेही खोटं.

एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत इथं उपयोगी पडते. प्रत्येक बंद पडण्याच्या क्षणी विचारायचं: आत्ता ‘मैदानात’ किती होत्या, आणि त्यातल्या किती उरल्या? दुसऱ्या वर्षी ५ पैकी ४ उरल्या: ०.८. तिसऱ्या वर्षी ब ची माहिती संपते, ती मोजणीतून बाजूला होते, पण तिला मेलेली धरत नाहीत. सहाव्या वर्षी ३ पैकी २ उरल्या: ०.८ गुणिले २/३, म्हणजे ०.५३. नवव्या वर्षी २ पैकी १: ०.२७. तगण्याची शक्यता निम्म्याखाली जाते ती नवव्या वर्षी, म्हणून मध्यक आयुष्य ९ वर्षं. तीच पाच सायकली, आणि उत्तर ५.७ वरून ९ वर गेलं. (पाच नोंदींवर कुणी निष्कर्ष काढू नये, पद्धत समजली की पुरे.)

ही पद्धत औषधांच्या चाचण्यांत रोज वापरतात. शाळागळती, नोकरी, बचत गट किती वर्षं टिकतात, सगळीकडे चालते.

मेलेल्या सायकली सापडतात कुठं?

रस्त्यावर नाही. त्यासाठी सुरुवात शेवटापासून न करता जन्मापासून करावी लागते. ज्या यादीत सायकल आली तेव्हाच तिची नोंद झाली, अशी यादी शोधायची. मानव विकास कार्यक्रमातून गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्या रेंजर नाहीत, पण अभ्यासासाठी सोन्यासारख्या आहेत: एकाच वर्षी, एकाच भागात, लाभार्थींच्या यादीसह. परवानगी घेऊन त्या यादीतल्या प्रत्येक घरी गेलात तर चालू सायकलही भेटेल आणि मेलेलीही.

रेंजरची अशी यादी नाही. मग घरोघर विचारायचं: ‘आजवर या घरात कोणकोणत्या सायकली आल्या?’ ‘आता सायकल आहे का?’ असं विचारू नका. तो प्रश्न पुन्हा तगलेल्यांवरच नेतो. वर्ष आठवत नसेल तर आधार द्या: थोरलीचं लग्न, धाकट्याची पहिली, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला ते साल. आणि गावाला विश्वासात घ्या. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगटाची परंपरा चालवली आहे; सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांमध्ये ते २००९ मध्ये आलं, त्यामागं गावानं स्वतः केलेला अभ्यास होता. या भागात ‘माहिती देणारे’ आणि ‘अभ्यास करणारे’ अशी भिंत घालून गेलात तर तुमचंच नुकसान.

घरोघर गेल्यावर मला सगळ्यांत जास्त खटकलं ते हे. एका अंगणात कुडाला टेकलेली रेंजर होती. फ्रेम चांगली, मागचं चाक गेलेलं. घरातल्या काकू म्हणाल्या, “बनवाले पैसा लागते ना बापू. मंग तशीच रायली.” ती सायकल कमजोर म्हणून मेली नव्हती. दुकान लांब होतं, हातात पैसा नव्हता. माझ्या रस्त्यावरच्या मोजणीत ती सायकल नव्हती आणि काकूही नव्हत्या. म्हणजे मी नकळत फक्त अशांनाच मोजत होतो, ज्यांना दुरुस्ती परवडते. अशा आकड्यांवर उद्या कुणी योजना आखली, तर जिला सायकलची सगळ्यांत जास्त गरज आहे तीच त्यातून सुटणार. बायस हा शब्द पुस्तकात फार कोरडा वाटतो; त्या अंगणात वाटला नाही.

तुमच्या आराखड्यासाठी चार प्रश्न

१. माझ्या नमुन्यात येण्यासाठी एखाद्या गोष्टीला आधी काय काय ‘पार’ करावं लागतं?
२. जे पार करू शकले नाहीत, त्यांची नोंद कुठं सापडेल?
३. मी समान वयाची, समान टप्प्याची तुलना करतोय का?
४. माझ्या मुख्य शब्दाची व्याख्या मैदानात कुठं तुटते?

माझं ते वाक्य आता असं आहे: ‘या भागात काही जुन्या माउंटन बाइक आजही वापरात आहेत. त्या का टिकल्या आणि बाकीच्या का टिकल्या नाहीत, हे वय, बनावट आणि दुरुस्तीची सोय वेगवेगळी ठेवून तपासले जाईल.’ पहिल्यापेक्षा लांब आहे, ठसकेबाज नाही. पण मॅडमनी लाल गोल काढला नाही.

सायकल अजून चालवतोच. मागच्या महिन्यात चाक आऊट झालं तेव्हा मिस्त्रीला म्हटलं, आता बदलावी का? तो म्हणाला, “काहून फेकता भाऊ, चालते ना आणखी.” माझ्या वहीत तिच्यापुढं लिहिलंय: चालू, नोंद अपुरी.

जाता जाता एक गृहपाठ. आज घरी बसून तुमच्या घरात आजवर आलेल्या सगळ्या सायकलींची यादी करा. कधी आली, कधी बंद पडली, का. आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारा. यादीतल्या किती सायकली तुम्ही कधीच पाहिल्या नव्हत्या, ते मोजा. तुमच्या संशोधनात जे दिसत नाही ते साधारण किती असू शकतं, याचा पहिला अंदाज तिथंच मिळेल.