तारामती दोन : एक नट, एक नटी

लिंग म्हणजे शरीराची ओळख. लिंगभाव म्हणजे समाजाने ठरवलेले बाईपण-पुरुषपण. ‘अभिनय करणारी बाई घरंदाज नसते’ ही समजूत लिंगभावातली.

- स्त्रीपार्ट : पुरुष नटाने रंगवलेली स्त्रीभूमिका. स्त्रीपार्टसाठी गाजलेले बालगंधर्व (१८८८–१९६७) यांना १९६४ मध्ये पद्मभूषण.
- ‘राजा हरिश्चंद्र’ (चित्रपट, १९१३) : हरिश्चंद्राची राणी तारामती झाले अण्णा साळुंके. स्त्रिया मिळाल्या नाहीत. अडसर कुवतीचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता.
- ‘मोहिनी भस्मासुर’ (चित्रपट, १९१३) : त्याच वर्षी दुर्गाबाई कामत पार्वती, कन्या कमलाबाई मोहिनी.
- ‘अयोध्येचा राजा’ (चित्रपट, १९३२) : तारामती झाल्या प्रतिष्ठित घरातील दुर्गा खोटे. पुढे १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार.
- ‘सांगत्ये ऐका’ : अभिनेत्री हंसा वाडकर यांचे आत्मकथन; ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट त्यावर आधारित.