विमानाचे घर : अल्प खर्चात

वैद्यक व्यवसायाच्या धकाधकीत प्रत्येकाने एखादा छंद जोपासावा, असे आपण आपल्या रुग्णांना नेहमी सांगतो. माझा छंद विमानविद्येच्या वाचनाचा. मी वैमानिक नाही, विमान बाळगण्याची ऐपतही नाही. तथापि छोटे खासगी विमान थोडक्या पैशांत कसे सांभाळावे, हा विषय मला आपल्या प्रतिबंधक वैद्यकाच्या फार जवळचा वाटतो. म्हणून स्मरणिकेसाठी तोच निवडला आहे.

विमान ठेवायचे कोठे, हा पहिला प्रश्न. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. गच्ची हीच त्यांची कार्यशाळा आणि तोच त्यांचा हँगर! फेब्रुवारी २०१६ मधील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी ते सुटे करून खाली उतरवावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि पुढे ते धुळ्याच्या धावपट्टीवर गेले.

जागेची अडचण जुन्या अभियंत्यांनी वेगळ्या रीतीने सोडविली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ज्या 'पुस मॉथ' विमानातून कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्याचे पंख पक्ष्यासारखे मागे दुमडता येत. पसरलेले पंख सुमारे ११ मीटर. दुमडल्यावर साध्या शेडमध्येही विमान मावे. मात्र पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांना विमानसेवा पुण्याला हलवावी लागे. तात्पर्य, छपरापूर्वी जमीन पाहावी. ऑगस्ट २००६ मधील तापीचा महापूर अनुभवलेल्या सुरतकरांना उंच जागेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

हँगर परवडत नसल्यास विमान उघड्यावर बांधून ठेवतात. उभ्या विमानाच्या पंखांवरूनही वारा वाहतो व ते उचलले जाऊ पाहतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते. म्हणून दोन पंख आणि शेपटी अशा तीन ठिकाणी विमान जमिनीत खोल रोवलेल्या कड्यांना बांधावे. जमिनीवर नुसता ठेवलेला सिमेंटचा ठोकळा पुरत नाही. दोर नायलॉनचा घ्यावा. काथ्या किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो आणि सांगाड्यावर ताण आणतो, शिवाय लवकर कुजतो. चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत आणि विमानाचे तोंड नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेस ठेवावे.

दुसरा शत्रू म्हणजे दमट, खारी हवा. आपल्या शहराला समुद्र जवळ असल्याने येथे हा धोका अधिक. ॲल्युमिनियमवर क्षार साचू नयेत म्हणून विमान वरचेवर गोड्या पाण्याने धुवावे. आच्छादनासाठी स्वस्त प्लास्टिकची ताडपत्री वापरण्याचा मोह टाळावा. तिच्याखाली ओल कोंडते, आणि ती वाऱ्याने फडफडली की काचेवर ओरखडे पडतात. हवा खेळती ठेवणारे, आतून मऊ अस्तर लावलेले कापड हवे. वस्त्रनगरीत असे कापड मिळवणे व शिंप्याकडून शिवून घेणे मुळीच अवघड नाही.

इंधनाची टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेतील हवेतून पाणी सुटते व तळाशी साचते. आठवड्याला दहा मिनिटे इंजिन जागच्या जागी चालविले म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे. तेल पुरेसे तापत नाही, ज्वलनातून आलेली वाफ त्यातच मुरते आणि गंज वाढतो. विमान उडवावे, नाहीतर सिलिंडरच्या तोंडांशी सिलिका जेल भरलेली बुचे बसवावीत. गोळ्यांच्या बाटलीतील पुडीत असते तेच हे द्रव्य. ओलाव्याने रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू मात्र शेवटी सांगतो. विमानाचा वेग मोजण्यासाठी बाहेर 'पिटो' नावाची बारीक नळी असते. तिच्यावर कापडी टोपी घालावी आणि उड्डाणापूर्वी ती काढण्याचा विसर पडू नये म्हणून तिला लांब लाल फीत शिवावी. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाताजवळ 'बर्गेनएअर'चे विमान समुद्रात कोसळून १८९ जण दगावले. ते अनेक दिवस उभे होते व नळ्या झाकलेल्या नव्हत्या. एका नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले असावे, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. वेगाचा आकडा खोटा आला आणि वैमानिक गोंधळले.

इंजिनाच्या तोंडाशी फोमचे तुकडे बसवून पक्ष्यांची घरटी रोखावीत, तेही याच न्यायाने. आपल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे न वापरलेली यंत्रे असतात, आणि ती नेमकी आणीबाणीच्या वेळी लागतात. वापरात नसलेल्या यंत्राची निगा वापरातल्याहून अधिक काटेकोर हवी, हा विमानविद्येचा नियम आपणही अंगीकारावा, एवढेच सुचवितो.