शहर कुणाचं? (लेखांक 7) : कचरा तुमचा, अंगण आमचं

टोकियोच्या पूर्वेला आराकावा नदी ओलांडली की एदोगावा वॉर्डातलं निशिकसाई लागतं. नदीच्या अलीकडे कोतो वॉर्डातलं ओजिमा. दोन्हीकडे आयटीच्या नोकऱ्यांमुळे आलेली मराठी घरं बरीच आहेत. निशिकसाईच्या मराठी माणसांपैकी मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक जपानी नागरिक झाले आणि 2019 च्या एप्रिलमध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडूनही आले. या भागात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला भाषेच्याही आधी शिकावी लागते ती कचऱ्याची बाराखडी. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे वेगळ्या वारी, तेही सकाळी गाडी येण्याआधी. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी चिकटपट्टी लावून तिथेच सोडून देतात, म्हणजे आख्ख्या गल्लीला कळतं.

आपल्याकडचे पाहुणे हे बघून म्हणतात, "जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त!" ते काही खरं नाही. पन्नास वर्षांपूर्वी याच कोतो वॉर्डाचे प्रमुख रस्त्यावर उभे राहून दुसऱ्या वॉर्डाच्या कचरागाड्या परत पाठवत होते. मागच्या लेखांकात आपण 'हरकती व सूचना' या सरकारी शब्दापाशी थांबलो होतो. हरकत घेणाऱ्याच्या हातात खरोखर काही असलं तर काय होतं, ते पाहायला हे प्रकरण उत्तम आहे. जपानी लोक त्याला 'गोमी सेन्सो' म्हणतात. गोमी म्हणजे कचरा, सेन्सो म्हणजे युद्ध.

आधी वॉर्ड ही काय चीज आहे ते सांगायला हवं. आपल्या मनात वॉर्ड म्हणजे एका नगरसेवकाचा इलाखा. टोकियोतल्या 23 विशेष वॉर्डांपैकी एकेकाची लोकसंख्या मात्र आपल्या एखाद्या महापालिकेएवढी. पश्चिमेकडच्या सुगिनामीत आज साडेपाच लाखांहून अधिक माणसं राहतात. प्रत्येक वॉर्डाला स्वतःची निवडून आलेली सभा. पण 1970 च्या सुमाराला वॉर्डप्रमुख लोकांच्या मतांनी निवडला जात नसे. सभा त्याला नेमायची आणि राज्यपालांची संमती घ्यायची. थेट निवडणूक परत आली ती 1975 मध्ये. कचरा उचलणं आणि त्याची विल्हेवाट लावणं हेही टोकियो महानगर सरकारचं काम होतं. म्हणजे शहर एक, कचरा सगळ्यांचा, निर्णय वरचा आणि वास मात्र एकाच वॉर्डाच्या नाकात.

ते नाक कोतोचं. समुद्राला लागून असलेला, कामगारांचा, सखल जमिनीचा हा वॉर्ड. 1957 पासून दहा वर्षं टोकियोचा कचरा त्याच्या किनाऱ्याजवळच्या युमेनोशिमावर पडत राहिला. युमेनोशिमा म्हणजे स्वप्नांचं बेट! हे नाव युद्धानंतर तिथे काही काळ चौपाटी होती तेव्हाचं. 1965 च्या उन्हाळ्यात या बेटावरून माश्यांचे थवे उठले आणि दक्षिणेच्या वाऱ्यावर वस्तीत शिरले. शाळेत मुलं हातात माश्या मारायची फडकी घेऊन बसली. शेवटी कचऱ्याच्या डोंगरावर तेल ओतून तो पेटवून द्यावा लागला. हे बेट भरलं, तर त्याच्याच पलीकडे नवं भरणस्थान उघडलं. 1971 पर्यंत दिवसाला सुमारे 5,000 कचरागाड्या कोतोतून जात होत्या. वाटेत सांडलेलं पाणी, वाहतूक कोंडी, अपघात हे सगळं वॉर्डाच्या वाट्याला. टोकियोत तेव्हा कचरा जाळण्याच्या भट्ट्या कमी, त्यामुळे साधारण सत्तर टक्के कचरा जसाच्या तसा समुद्रात ढकलला जात असे.

भरणस्थानाची मुदत वाढवायचं ठरलं तेव्हा कोतोची सभा उठली. तिने विरोध केलाच, शिवाय महानगर सरकारला आणि उरलेल्या 22 वॉर्डांना जाहीर प्रश्नपत्र पाठवलं. त्याचा मथितार्थ असा : तुमचा कचरा तुमच्या हद्दीत निकाली काढायला तुम्ही तयार आहात का, आणि त्रासाची समान वाटणी तुम्हाला मान्य आहे का? मला हे प्रश्नपत्र फार हुशारीचं वाटतं. 'आम्हाला त्रास होतो' असं म्हटलं की सहानुभूती मिळते आणि फाइल बंद होते. 'तुम्ही काय करणार?' असं विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

राज्यपाल होते ऱ्योकिची मिनोबे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांच्या पाठिंब्यावर 1967 मध्ये निवडून आलेले, लोकांशी बोलून राज्य चालवायचं असं सांगणारे. फ्रान्झ फॅननच्या एका विचाराचा आधार घेऊन ते म्हणत की, लोकांना पटला नाही तर पूल बांधू नये. विरोधकांनी त्यांना याच वाक्यावरून झोडपलं : एकाने नाही म्हटलं की काम बंद! तो अर्धाच विचार होता. पूल नसेल तर लोकांनी पोहून किंवा नावेने पलीकडे जावं, म्हणजे त्या अडचणीची किंमत सगळ्यांनी सोसावी, हा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नसे. 28 सप्टेंबर 1971 रोजी मिनोबेंनी महानगर सभेत कचऱ्याविरुद्ध युद्ध जाहीर केलं आणि प्रत्येक वॉर्डात भट्टी उभारायची असं धोरण पुढे केलं.

आता सुगिनामी. इथे ताकाइदो स्टेशनजवळ भट्टी बांधायचं 1966 मध्येच जाहीर झालं होतं, आणि तेही अचानक. जमिनीच्या मालकांना, शेजाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी विरोधी संघटना उभी केली आणि काम अडलं ते अडलंच. पुढे जपानी वर्तमानपत्रांतून सुगिनामीचं चित्र 'स्वतःचा कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणारा सुखवस्तू वॉर्ड' असं रंगलं. त्यात तथ्य आहे. सुगिनामी सुखवस्तूच होतं आणि त्याचा कचरा कोतोतच जात होता. पण ताकाइदोकरांचा मूळ प्रश्नही खोटा नव्हता : हीच जागा का, आणि ती कुणी, कुठल्या खोलीत बसून ठरवली? आपल्याकडे कुठल्याही प्रकल्पाच्या जनसुनावणीत जा, पहिल्या दहा मिनिटांत हाच प्रश्न येतो. अधिकारी त्यावर 'तांत्रिक निकष' म्हणतात आणि पुढचे दोन तास वाया जातात.

1972 च्या डिसेंबरात प्रकरण हातघाईवर आलं. वर्षअखेरीच्या जादा कचऱ्यासाठी सुगिनामीत तात्पुरती जागा करायची होती, तीही रहिवाशांनी उधळली. मग 22 डिसेंबरला कोतोने सुगिनामीचा कचरा आपल्या हद्दीत येऊ द्यायला नकार दिला. 1973 च्या मे महिन्यात ताकाइदोबद्दलची बोलणी फिसकटली तेव्हा पुन्हा तेच. या वेळी वॉर्डप्रमुख गुंजी कोमात्सुझाकी आणि सभासद स्वतः भरणस्थानाच्या रस्त्यावर उभे राहिले, गाड्या थांबवून कुठल्या वॉर्डाच्या आहेत ते पाहिलं आणि सुगिनामीच्या तेवढ्या माघारी धाडल्या. सुगिनामीच्या गल्ल्यांमध्ये पिशव्यांचे ढीग साचले. तोवर जो वाद कोतोच्या माश्यांचा होता, तो एका रात्रीत सुगिनामीच्या दाराशी आला.

इथे फुरसुंगी आठवल्याशिवाय राहत नाही. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर वर्षानुवर्षं पडला, विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली तेव्हाही अडवल्या आणि पुण्याच्या पेठांत कचरा साचला. कृती कोतोसारखीच. फरक असा की, ही गावं तेव्हा महापालिकेच्या हद्दीत नव्हती. ज्यांचा कचरा, त्यांच्या सभागृहात गावकऱ्यांचा एकही प्रतिनिधी नाही. कोतोकडे निदान ठराव करणारी सभा होती, शिक्का होता, बावीस वॉर्डांना पत्र पाठवायची पत होती. गावं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हद्दीत घेतली गेली आणि पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे सभागृहात शिरून, पुन्हा बाहेर.

सुगिनामीचा शेवट कोर्टात झाला, पण निकालाने नव्हे, तडजोडीने. सक्तीच्या भूसंपादनाची तलवार डोक्यावर असताना 1974 च्या नोव्हेंबरमध्ये टोकियो जिल्हा न्यायालयात समझोता झाला. रहिवाशांनी भट्टी मान्य केली, पण धुरावर कडक मर्यादा आणि कारखाना चालवण्यावर देखरेखीसाठी रहिवाशांचा सहभाग असलेली समिती या गोष्टी पदरात पाडून घेतल्या. भट्टी पूर्ण झाली 1982 मध्ये. घोषणेपासून सोळा वर्षं! तिच्या उष्णतेवर शेजारचा पोहण्याचा तलाव गरम होतो. 160 मीटरची चिमणी ताकाइदोच्या प्लॅटफॉर्मवरून आजही दिसते. 2017 मध्ये तिथे नवा कारखाना उभा राहिला आणि त्यातच या युद्धाचं छोटं संग्रहालय आहे.

मग 'प्रत्येकाचा कचरा प्रत्येकाच्या हद्दीत' हे तत्त्व जिंकलं का? अर्धवट. 2000 च्या एप्रिलपासून कचरा उचलणं वॉर्डांकडे आलं. आज 23 वॉर्डांत 21 कारखाने आहेत, पण शिंजुकु, नाकानो, चियोदा धरून सहा वॉर्डांत एकही नाही. वॉर्डप्रमुखांनी 2003 मध्ये ठरवलं की आता प्रत्येक वॉर्डात भट्टी हवीच असा आग्रह नको. कचरा कमी होत होता आणि जागा मिळत नव्हती. ज्यांच्याकडे भट्टी नाही ते पैसे मोजतात. आणि दिवसाला 1,800 टन क्षमतेचा सगळ्यात मोठा कारखाना कुठे आहे? कोतोत, युमेनोशिमावरच. त्याच्या उष्णतेवर तिथलं काचेचं उष्णकटिबंधीय उद्यान चालतं, नारळ-केळी दिसतात. ऑलिंपिकची तिरंदाजीही याच बेटावर झाली.

युमेनोशिमा भरल्यावर टोकियोने कचरा आणखी पुढे, खाडीच्या मध्यावर टाकायला सुरुवात केली. तिथे पाचशे हेक्टरांहून मोठी जमीन तयार झाली. पूर्वी हातभर लांब राहणारे वॉर्ड आता तिच्यावर हक्क सांगू लागले. शेवटी दोघे उरले, कोतो आणि विमानतळाकडचा ओता. ओता म्हणे, इथे आमचे कोळी नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाची शेती करायचे. कोतो म्हणे, हे बेट ज्या कचऱ्याचं आहे तो कचरा आमच्या रस्त्यावरून गेला आहे. 2017 मध्ये लवादाने 86.2 टक्के जमीन कोतोला दिली, ओताने कोर्ट गाठलं आणि 2019 च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने कोतोचा वाटा 79.3 टक्क्यांवर आणला. ओताने आपल्या वाट्याच्या तुकड्याला 'रेइवाजिमा' असं नव्या कालखंडाचं नाव ठेवलं. कोतोने आपल्या भागाचं नाव ठेवलं 'उमी नो मोरी', समुद्रातलं रान.

(क्रमशः)